नातू रुग्णालयात होता आणि आम्हाला चार दिवसांनी कळले

सांगलीच्या एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश देत आहे.

‘मी निवृत्त शिक्षिका आहे. यजमानांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. एकुलता एक मुलगा २०१८ पासून दक्षिण जर्मनीत नोकरीला आहे. सून मूळची कराडची असून तीही तिकडे नोकरी करते. बाळंतपणासाठी मी तीन महिने तिकडे राहून आले होते. नातू आता सोळा महिन्यांचा आहे आणि सप्टेंबरपासून पाळणाघरात जातो. यंदा संक्रांतीला त्याचे बोरन्हाण व्हिडिओ कॉलवर दाखवायचे ठरले होते. हलव्याचे दागिने मी आधीच कुरिअरने पाठवले होते. ऐन वेळी मुलाने “नेट चालत नाही, फोटो नंतर पाठवतो” असा निरोप दिला. चार दिवसांनी कळले, की त्या दिवशी बाळ रुग्णालयात ऑक्सिजनवर होते आणि नाकातून नळी घालून त्याला दूध दिले जात होते. डॉक्टरांनी आधी घरी पाठवले होते, मग रात्री ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. चार दिवसांत एकही अँटिबायोटिक दिले नाही. विहीणबाईंना मात्र दुसऱ्याच दिवशी सांगितले होते. मी रागाने “पाळणाघरात टाकलेत म्हणून हे झाले” असे बोलले. तेव्हापासून सून फोनवर येत नाही. धुरी द्या, कापूर-ओव्याची पुरचुंडी बांधा, हे सांगितले तेही ऐकले नाही. खर्चासाठी यजमान ठेव मोडायला तयार होते, तीही मदत मुलाने नाकारली. आम्ही पुरातसुद्धा मुलाला काळजी लागू दिली नव्हती आणि त्याने आम्हाला असे परके केले. नातवाला सहा-आठ महिने इकडे पाठवा असा हट्ट धरू का? त्यांना कायमचे परत यायला सांगू का? की मीच तिकडे जाऊ?’

सप्रेम नमस्कार.

नातवाची प्रकृती आता सुधारत आहे आणि तो पुन्हा खेळू लागला आहे, ही बातमी तुमच्या पत्रात अगदी शेवटी, एका ओळीत आली आहे. त्याआधीची पाने कोणाला केव्हा कळवले आणि कोण काय बोलले यांनी भरलेली आहेत. याचा दोष मी तुम्हाला देत नाही. भीती ओसरल्यानंतर तिची जागा बहुधा अपमान घेतो, आणि ज्या चार दिवसांत तुम्हाला काळजी करण्याची संधीच मिळाली नाही, त्या दिवसांची काळजी आता रागाच्या रूपाने बाहेर पडत आहे. मात्र तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या रागातून काढू नयेत, म्हणून आधी त्यामागची काही गृहीतके तपासून पाहू.

पहिले गृहीतक असे, की तिकडच्या डॉक्टरांनी हयगय केली. मी बाळाला पाहिलेले नाही आणि त्याचे कागदपत्रही माझ्यासमोर नाहीत. तरीही तुम्ही वर्णन केलेली लक्षणे आणि उपचार ब्रॉन्किओलायटिस या आजाराशी जुळतात. यात फुप्फुसातील श्वासनलिकांच्या अगदी बारीक फांद्या सुजतात आणि चिकट स्रावाने भरतात. आजार होतो विषाणूमुळे, आणि तो विषाणू बहुतेक वेळा आरएसव्ही या नावाने ओळखला जाणारा असतो. मोठ्या माणसाला त्यापासून साधी सर्दी होते. लहान मुलाच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असल्याने त्याला धाप लागते, आणि धाप लागलेले मूल दूध ओढू शकत नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर चालत नाही. त्यामुळे या आजारात ऑक्सिजन, नाक मोकळे करणे आणि नळीने किंवा शिरेतून पोटात व शरीरात पुरेसे पाणी जाईल असे पाहणे हाच मुख्य उपचार असतो. सुई टोचली नाही किंवा पाच प्रकारच्या बाटल्या लिहून दिल्या नाहीत, म्हणजे काही केलेच नाही, असा आपल्याकडे समज आहे. येथे तो लागू पडत नाही. डॉक्टरांनी आधी घरी का पाठवले, याचेही उत्तर आजाराच्या चालीत सापडते. सर्दीने सुरू झालेला हा आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत वाढतो, त्यामुळे पहिल्या दिवशी घरी ठेवण्याजोगे असलेले मूल तिसऱ्या रात्री रुग्णालयात न्यावे लागते आणि दोन्ही निर्णय आपापल्या वेळी बरोबर असू शकतात. तुमचे समाधान होत नसेल तर मुलाच्या संमतीने रुग्णालयाचे डिस्चार्ज पत्र मागवून घ्या, ते भाषांतरित करून तुमच्या सांगलीतल्या बालरोगतज्ज्ञांकडून समजावून घ्या. जवळच मिरज आहे, जिथे १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभे राहिले आणि सीमेपलीकडून कर्नाटकातली माणसेही उपचारांसाठी येतात. आजार समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांची आपल्याकडे वानवा नाही. फक्त ही भेट समजून घेण्यासाठी असू द्या, तिकडच्या डॉक्टरांच्या चुका शोधण्यासाठी नको.

पाळणाघराबद्दल तुमचे अर्धे बरोबर आहे. पाळणाघराच्या पहिल्या हिवाळ्यात मुले वारंवार आजारी पडतात, हे तिकडचे पालक आणि डॉक्टर दोघेही जाणतात. परंतु दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सर्वच मुलांना आरएसव्हीचा संसर्ग एकदा तरी होऊन जातो, मग ती आजीच्या मांडीवर वाढलेली असोत वा पाळणाघरात. हा विषाणू सांगलीतही आहे. जर्मनीत २०१३ च्या ऑगस्टपासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला अशा केंद्रात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. नोकरी करणाऱ्या आईबापांचे तिथले सारे जीवन या सोयीवर उभे आहे. तुमचे वाक्य फोनवर दोघांना उद्देशून असेल, पण ते लागले सुनेला, कारण मूल पाळणाघरात गेले की आईलाच विचारले जाते, बापाला कोणी विचारत नाही. तुम्ही स्वतः नोकरी करून मुलगा वाढवलात. तो तापाने फणफणला असताना तुम्हाला ‘शाळेत जातेस म्हणून’ असे कोणी म्हटले असेल, तर ते तुम्हाला आजही आठवत असेल.

धुरीच्या बाबतीत मी स्पष्टपणे तुमच्या सुनेच्या बाजूचा आहे. ज्या श्वासनलिका आधीच सुजल्या आहेत, त्यांना कोणताही धूर, तो ओव्याचा असो वा शेपांचा, त्रासच देतो. कापूर आणि मेंथॉल असलेले मलम दोन वर्षांखालील मुलांना लावू नये असेच डॉक्टर सांगतात, आणि कापूर चुकून पोटात गेला तर झटके येऊ शकतात. गरम पाण्याच्या भांड्यावर वाफ देताना भाजण्याचे अपघात होतात. याउलट बाळाला उभे धरून थोपटणे, थोड्या थोड्या वेळाने घोट घोट पाजणे, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालणे, आणि रात्री दोन वाजता कुणीतरी शांतपणे गाणे म्हणणे, या गोष्टी आजही तितक्याच उपयोगी आहेत. त्यांत तुमचा हात कोणी धरणार नाही.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. तुम्ही लिहिता, की मुलाने लपवून तुम्हाला परके केले. आणि त्याच पत्रात अभिमानाने लिहिता, की ऑगस्ट २०१९ मध्ये गावभागातल्या तुमच्या घरात पाणी शिरले, तुम्ही दोघे वरच्या मजल्यावर अडकलात, नंतर नातेवाइकांकडे विश्रामबागला गेलात आणि मुलाला मात्र पाणी ओसरल्यावरच सांगितले. त्या आठवड्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मुलगा तेव्हा जर्मनीतच होता आणि सांगलीची छायाचित्रे त्याला बातम्यांत दिसत असणार. तरीही फोनवर ‘आमच्याकडे सगळे ठीक आहे’ असे तुम्ही सांगत राहिलात, कारण तो तिथून काही करू शकणार नव्हता आणि तुम्हाला त्याचा जीव टांगणीला लावायचा नव्हता. अडचणीच्या वेळी दूरच्या माणसाला बातमी उशिरा द्यायची असते, हा धडा त्याने तुमच्याच घरात गिरवला आहे. त्याला तुम्ही तेव्हा परका मानत होतात का? नसाल, तर त्याच्या मौनालाही तोच अर्थ द्यावा लागेल.

याचा अर्थ त्याने योग्य केले असा नाही. पहिल्या रात्री ॲम्ब्युलन्सच्या धावपळीत फोन न करणे समजण्यासारखे आहे. पण दुसऱ्या दिवशी, बाळ ऑक्सिजनवर स्थिर झाल्यावर, ‘नेट चालत नाही’ असे खोटे सांगण्याऐवजी खरी चार वाक्ये सांगता आली असती. वडिलांच्या हृदयाला ताण नको म्हणून लपवले, हे कारण मला पूर्ण पटत नाही. वडिलांना केव्हा आणि कसे सांगायचे, हे तुमच्यावर सोपवता आले असते. तुम्ही शिक्षिका आहात, घर चालवलेले आहे. तुमच्या धीरावर त्याने थोडा विश्वास ठेवायला हवा होता, आणि हे तुम्ही त्याला मोकळेपणाने सांगावे असे माझे मत आहे. मात्र त्याला एवढा विश्वास का वाटला नाही, याचाही विचार करावा. परदेशी राहणाऱ्या अनेक मुलांचा अनुभव असा असतो, की आजाराची बातमी घरी सांगितली की त्यांच्यापुढे दोन रुग्ण उभे राहतात. एक समोर पलंगावर असतो आणि दुसरा फोनवर रडत असतो. पाठोपाठ काका, आत्या आणि शेजारी यांचे फोन सुरू होतात आणि प्रत्येकाला आजार पहिल्यापासून सांगावा लागतो. आपल्याकडे रुग्णालय म्हणजे डबा, थर्मास, चटई आणि बाहेरच्या बाकांवर बसलेले सगे-सोयरे. तिकडे लहान मुलाजवळ आई किंवा बाप यांपैकी एकजण राहतो, दुसरा घर आणि वॉर्ड यांमध्ये येरझाऱ्या घालतो, आणि हिवाळ्यात संसर्गाच्या भीतीने इतरांच्या भेटींवर बहुधा बंधनेच असतात. चार रात्री अशा काढणाऱ्या माणसाजवळ दुसऱ्याची समजूत घालण्याइतके बळ उरत नाही.

विहीणबाईंचा मुद्दा मी लवकर संपवतो. मूल आजारी असताना मुलीने आधी आपल्या आईला फोन केला, यात तुमचा अवमान नाही. तुम्हाला मुलगी असती आणि तिने तसेच केले असते, तर तुम्हाला ते रास्तच वाटले असते. विहीणबाईंनी गोष्ट पोटात ठेवली ती लेकीने तशी विनंती केली म्हणून. त्याही ते चार दिवस कराडमध्ये एकट्याच काळजी करत होत्या. कराड काही जर्मनीत नाही. एखाद्या दिवशी जाऊन या.

तुमच्या तीन पर्यायांपैकी नातवाला इकडे आणून ठेवण्याचा हट्ट धरू नये, असे मी निश्चितपणे सांगेन. सोळा महिन्यांच्या मुलाला आईबापांपासून सहा-आठ महिने वेगळे करणे हे एरवीही सोपे नसते; रुग्णालयातून आल्यावर तर अशी मुले अधिक बिलगतात, रात्री दचकून उठतात, आई दिसेनाशी झाली की घाबरतात. काही कुटुंबांना परिस्थितीने हा मार्ग पत्करावा लागतो आणि त्यांना मी नावे ठेवणार नाही, पण तुमच्या मुलावर तशी वेळ आलेली नाही. शिवाय यात कागदोपत्री अडचणी आहेत. जर्मनीचा साधा निवास परवाना असलेली व्यक्ती सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिली तर परवाना रद्द होऊ शकतो. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना, असलेल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी ही मर्यादा बारा महिन्यांची आहे. मुलाकडे कोणता परवाना आहे हे ठाऊक नसताना ‘सहा-आठ महिने’ हा आकडा उच्चारणेही जोखमीचे आहे.

कायमचे परत येण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मोठा आहे. तो त्या दोघांच्या नोकऱ्यांचा, बचतीचा, मुलाच्या शाळेचा आणि हो, तुमच्या म्हातारपणाचाही आहे. तो कधीतरी समोरासमोर बसून बोलावाच, आणि तुम्हाला तुमची गरज म्हणून ते परत हवे असतील तर तसे सरळ म्हणावे. नातवाचे आजारपण त्यासाठी पुरावा म्हणून वापरू नये. ‘तिकडे मूल आजारी पडते’ हे कारण टिकणारे नाही, कारण मूल इथेही आजारी पडेल.

राहिला तुम्ही जाण्याचा पर्याय. माझा कौल याला आहे, पण आज घाईने निघण्याला नाही. खोकला आणखी दोन-तीन आठवडे रेंगाळेल. व्हिसा हातात येईपर्यंत तो गेलेला असेल. खरी गरज पुढच्या हिवाळ्यात, नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास असेल. तेव्हा पाळणाघरातून पुन्हा सर्दी-ताप घरी येतील, आणि बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत करता येत असल्याने यंदा हुकलेले बोरन्हाण तुमच्या डोळ्यांसमोर होईल. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. भेटीची वेळ मिळायला उशीर होतो, म्हणून दिवाळीची वाट पाहू नका. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा बंधनकारक असतो. यजमान सोबत येणार असतील तर त्या विम्यात जुन्या आजारांविषयीचे कलम नीट वाचा, कारण स्वस्त विम्यांत हृदयविकार अनेकदा वगळलेला असतो. ठेव मोडायचीच असेल तर ती चांगल्या विम्यासाठी मोडा. मुलाने पैसे नाकारले ते तुटकपणाने नाकारले असे मला वाटत नाही: तिकडच्या सरकारी आरोग्य विम्यात मुलांचा विमा आईबापांच्या विम्यातच विनामूल्य असतो आणि अठरा वर्षांखालील मुलांना रुग्णालयाचे प्रतिदिन शुल्कही भरावे लागत नाही. मुलाजवळ रुग्णालयात राहणाऱ्या पालकाला २०२४ पासून बुडालेल्या पगाराची बरीचशी भरपाई मिळते. आजारी मुलाला घरी सांभाळण्यासाठीही दोन्ही पालकांना वर्षाला प्रत्येकी १५ दिवस अशी भरपाई असते. तेव्हा त्यांना पैशांची उणीव नाही, माणसांची आहे.

जाण्याआधी दोघांनी फ्लूची लस घ्यावी आणि डांग्या खोकल्याच्या बूस्टरविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे, कारण बाळाकडे आजार आजी-आजोबांकडूनही जातात. तिकडे पोचल्यावर तुम्हाला बाळाला पाळणाघरातून आणता यावे यासाठी पालकांना तुमचे नाव तिथे लेखी द्यावे लागेल; ते आठवणीने करवून घ्या. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ ठेवा आणि तो वाचून दाखवण्याचा सराव करा. स्वयंपाकघर कोणाचे, हे पहिल्याच आठवड्यात सुनेला विचारून ठरवले तर पुढचे तीन महिने सुखाचे जातील.

यापुढे अशी वेळ आली तर काय करायचे, हे आत्ताच, सारे बरे असताना ठरवा. ज्यांची मुले परदेशी आहेत अशा सर्वच घरांना हे उपयोगी पडेल. मुलाने चोवीस तासांच्या आत एकच संदेश पाठवायचा: काय झाले, कोणत्या रुग्णालयात आहे, बाळाजवळ कोण आहे आणि पुढचा संदेश केव्हा येईल. तुम्ही त्यावर ‘कळले, वाट पाहतो’ एवढेच उत्तर द्यायचे, उलट फोन करायचा नाही आणि बाकीच्या नातेवाइकांना तुम्ही थोपवायचे. हाच नियम तुमच्याकडून त्यांच्याकडेही लागू राहील. यजमानांना छातीत दुखले किंवा कृष्णा पुन्हा चढली, तर त्याला त्याच दिवशी कळवायचे. तिकडच्या जवळच्या एक-दोन मराठी कुटुंबांची नावे आणि क्रमांक मागून घ्या. बहुतेक मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत, त्यामुळे अशी माणसे त्यांच्याजवळ असणारच. नसतील तर रात्री दोन वाजता दारात कोण येईल, याचा शोध त्या दोघांनी पुढच्या हिवाळ्याआधी घ्यायला हवा.

आणि पहिला फोन या आठवड्यातच करा, तोही सुनेला. हिवाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. शनिवारी आपल्याकडे दुपारचे तीन वाजले असताना त्यांच्याकडे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात आणि बाळाचे खाणेपिणे आटोपलेले असते. ‘पाळणाघराबद्दल मी बोलले ते चुकले’ असे एका वाक्यात म्हणा, त्याला स्पष्टीकरण जोडू नका. मग त्या चार रात्री तिने कशा काढल्या ते विचारा आणि ती सांगेल तितके ऐका. बहुधा तिला हे आजवर कोणी विचारलेले नसेल. ती फोनवर आली नाही तर हेच तीन ओळींत लिहून पाठवा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा फोन करा.